बसच्या दारातला पाट

ही गोष्ट २०२२ सालची. गणपती उठल्यापासून दसऱ्यापर्यंत जे चार मंगळवार आले, त्यांची. पण मित्रांनो, आधी माझी ओळख करून देतो. मी एक जुना सागवानी पाट आहे. लांबीला दीड हात, रुंदीला एक हात, कोपऱ्यांवर पितळेची फुलं. फुलं चार होती, आता तीन आहेत.

१९७४ साली शिंदखेड्याजवळच्या एका गावात राघो सुताराने मला घडवलं. मालतीचं लग्न ठरलं होतं. तिच्या वडिलांनी राघोला सांगितलं, "नवरदेव उंच शे, पाट बी जरासा उंच कर." राघोने ते फारच मनावर घेतलं. माझे पाय वीतभराला दोनच बोटं कमी झाले. मांडवातल्या बायका हसून म्हणाल्या, "हाऊ पाट शे का चौरंग?" नवरीचा पाट मात्र साधाच होता. त्यामुळे नवरदेव योगराज माझ्यावर बसला तेव्हा मालती त्याच्या खांद्याच्याही खाली गेली. तो साधा पाट पुढे कोणीतरी मांडवातूनच नेला. मी उरलो.

१९८१ साली योगराजने मला गोणपाटात गुंडाळून भुसावळहून सुरतेला येणाऱ्या गाडीत घातलं. पांडेसऱ्यात कापड रंगवायच्या मिलमध्ये त्याला काम लागलं होतं. चाळीतली एक खोली, एक स्टोव्ह आणि मी, असा संसार सुरू झाला. शिफ्ट सुटली की योगराज हात घासून घासून धुवायचा. तरी बोटांना कधी निळा, कधी राणी रंग राहायचाच. त्या बोटांनी तो माझ्यावर बसून भाकरी मोडायचा. घरात त्याचा एकच कडक नियम होता. पाटाला पाय लावायचा नाही. मुलगा किरण सहा वर्षांचा असताना फळीवरचा गुळाचा डबा काढायला माझ्यावर चढला. योगराजने त्याच्या पाठीत धपाटा घातला. "ज्यावर बठीसन जेवस, त्यावर पाय देस?" मग डबा काढून गूळही त्यानेच दिला.

ते माझे कौतुकाचे दिवस होते. पुढे घरात प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. योगराजचे गुडघेही वाकेनात. मग माझ्यावर पिठाचा डबा आला, त्यानंतर गॅसचा बाटला. २०१५ साली योगराज गेला. त्याच सुमारास पांडेसऱ्याची चाळ रस्त्यात गेली आणि मालतीबाईंना कोसाडच्या वसाहतीत तळमजल्यावर घर मिळालं. तिथे मी खाटेखाली राहू लागलो. वर्षातून एकदा, पित्तराच्या दिवशी, मला बाहेर काढून धुवायचे. बाकी धूळ.

मालतीबाई एकट्या राहत. किरण बारडोलीला साखर कारखान्यात होता. त्याची बायको सुवर्णा चांगली होती आणि दोघंही आईला बोलवत. पण मालतीबाईंचं ठरलेलं उत्तर असे, "सकायना पाच वाजता मी कोणले न इचारता चहा करस. तिथं सगळं घर जागं व्हई." शेजारच्या शांताबाई परभणीच्या. त्या दोघी रोज दुपारी ओट्यावर बसून भाजी निवडत. पाणी कधी येतं, किराणावाला कोणत्या दिवशी ताजी डाळ आणतो, कोणाच्या सुनेला दिवस गेलेत, सगळं मालतीबाईंना ठाऊक. घर म्हणजे त्यांना एवढं सगळं लागत होतं.

अडचण होती मंगळवारची. मालतीबाईंना साखरेचा आजार आणि उजव्या गुडघ्याचं दुखणं. दर मंगळवारी शहरातल्या दवाखान्यात जाऊन गुडघ्याला शेक घ्यायचा, व्यायाम करायचा, गोळ्या आणायच्या. किरण बारडोलीहून मोटरसायकलवर येऊन त्यांना नेत असे. त्या वर्षी गणपती उठले त्या दिवशी तो म्हणाला, "माय, दसरानंतर गाळप सुरू व्हई. मंग मले सुटी नही. तू सामान बांध."

"मी बसनी जासू."

"बसनी? तुले दारनी पायरी तरी चढता येस का?"

"चढसू."

किरणने बोटांवर मंगळवार मोजले. मग म्हणाला, "दसरापर्यंत चार मंगळवार शेतस. चारी मंगळवार एकटी जाईसन दाखाड. एक जरी चुकना, तर बारडोली."

मालतीबाई म्हणाल्या, "बरं." मी खाटेखालून ऐकत होतो. माझा त्यात काही संबंध येईल असं मला वाटलं नव्हतं.

पहिल्या मंगळवारचं मी नंतर त्यांच्याच तोंडून ऐकलं. त्या दिवशी मालतीबाई साडेसात वाजता काठी घेऊन स्टॉपवर गेल्या. पहिली बस थांबली, पण दाराची पायरी त्यांच्या गुडघ्याएवढी उंच होती. त्यांनी दांडा धरला, पाय उचलला, पुन्हा खाली ठेवला. मागून कोणीतरी म्हणालं, "अरे माजी, जल्दी करो ने!" त्या बाजूला झाल्या आणि बस गेली. दुसरी बसही तशीच गेली. मग त्यांनी शटल रिक्षांना हात दाखवला. मागे तीन-चार जण आणि चालकाशेजारी आणखी एक, अशा भरून त्या रिक्षा पळतात. एकाने काठीकडे बघूनच मान हलवली. दुसरा म्हणाला, "माजी, लाकडी लईने वच्चे नहीं फावे." म्हणजे काठी घेऊन मधे बसायचं जमणार नाही. मधल्या जागेवर बसायला गुडघा दुमडावा लागतो आणि तोच तर दुमडत नव्हता. किरणच्या मुलाने फोनवर गाडी बोलवायचं शिकवलं होतं, पण गाडीवाला फोन करून विचारी की नक्की कुठे उभ्या आहात. मालतीबाई सांगत, "शालिग्रामच्या पंक्चरच्या दुकानासमोर." त्याला शालिग्राम कोण ते माहीत नव्हतं.

शेवटी एका रिकाम्या रिक्षाने नेलं. पोचल्या तेव्हा शेक देणारी मुलगी, सोनाली, खोलीचे दिवे मालवत होती. तिने दिवे पुन्हा लावले. पहिला मंगळवार कसाबसा पार पडला.

घरी आल्यावर मालतीबाई खाटेवर बराच वेळ बसल्या. मग काठीने मला खाटेखालून ओढलं. उंबऱ्याशी ठेवलं, हाताने उंची मोजली, आणि शांताबाईंना हाक मारली. "शांताबाई, सुंभ आहे का घरात?"

दुसऱ्या मंगळवारी माझ्या पायांना सुंभाची दोरी बांधलेली होती. शांताबाईंनी मला उचलून स्टॉपवर नेलं. वाटेत त्या म्हणाल्या, "अवो मालतीबाई, ह्यो पाट हाय का लोखंड? माझं कंबरडं मोडतंय की!"

बस आली. कंडक्टर होता भाईदास, आमच्याच धुळे जिल्ह्यातला, पन्नाशी उलटलेला माणूस. दारात उभा राहून त्याने खाली बघितलं. "माय, हाई काय? लगीनले जाई ऱ्हायनी का?"

"दवाखानामा. तू फक्त दोरी वढ. मी वर चढनू की पाट बी वर घे."

भाईदास हसला, पण थांबला. शांताबाईंनी मला दाराशी मांडलं. एका हातात काठी, दुसऱ्या हातात दांडा, आणि मालतीबाई माझ्यावर चढल्या. माझ्यावरून पायरीवर, पायरीवरून आत. भाईदासने दोरी ओढून मला वर घेतलं, घंटी वाजवली, बस निघाली. मागे शांताबाई ओरडत धावत होत्या. त्यांच्या हातात एक चप्पल, दुसरी रस्त्यात. "अवो बाई! पायताण! पायताण राहिलं!"

मित्रांनो, काय झालं होतं ते तुम्ही ओळखलं असेल. नवरा ज्या पाटावर जेवला त्यावर मालतीबाई चप्पल घालून पाय कसा ठेवणार? चढताना त्यांनी न बोलता दोन्ही चपला खाली काढून ठेवल्या होत्या. आपल्याला परत खाली उतरायचं नाही, हे त्या क्षणी त्यांच्या लक्षातच आलं नाही.

भाईदासने मला आपल्या सीटखाली ठेवलं. दवाखान्याजवळ त्यांना उतरवून दिलं आणि एक वाजताच्या फेरीत परत घेतो म्हणाला. दवाखान्यात मी गेलो नाही. तिथे जे घडलं ते परतल्यावर, मला स्टॉपवरून घरी उचलून आणणाऱ्या शांताबाईंना मालतीबाई सांगत होत्या, तेव्हा मी ऐकलं. रस्ता ओलांडताना तारेचा एक तुकडा त्यांच्या टाचेत घुसला. साखरेमुळे पायाला फार कळत नाही. फरशीवर रक्ताचे ठिपके सोनालीनेच आधी पाहिले.

"आजी, चप्पल क्यां?" सोनाली सुरतेतच जन्मलेली. घाबरली की तिच्या मराठीत गुजराती यायचं.

"कोसाडला."

"कोसाडला? आणि तुम्ही इथे? आजी, तुम्हाला साखर आहे. ही जखम चिघळली ना, तर पाय कापायची वेळ येते. मजाक नथी." तिने जखम धुवून पट्टी बांधली आणि कागदावरचा नंबर बघून किरणला फोन केला.

म्हणजे दुसरा मंगळवार पार पडला होता, पण न पडल्यासारखाच.

रविवारी सर्वपित्री अमावस्या होती. योगराजचं पित्तर. किरण आणि सुवर्णा सकाळीच आले. किरणने येताना एक मोठी रिकामी बॅग आणली होती. ती त्याने दाराशी ठेवली आणि आईच्या टाचेची पट्टी बघितली. बॅग कशासाठी ते मालतीबाईंना विचारावं लागलं नाही.

मित्रांनो, आमच्याकडे पित्तराला एका वडीलधाऱ्या माणसाला जेवायला बोलावतात. घरच्या मुलाने त्याचे पाय धुवायचे, कपाळाला गंध लावायचं आणि त्याला पाटावर बसवायचं. तो जेवेपर्यंत तो भाईदास किंवा आणखी कोणी नसतो, घरातला गेलेला माणूस असतो. त्याचं जेवण झालं की मुलाने विचारायचं, काही इच्छा राहिली का? तो म्हणतो, काही नाही, सुखाने राहा. मग बाकीचे जेवतात. त्या वर्षी मालतीबाईंनी भाईदासलाच सांगितलं होतं.

सुवर्णा खीर ढवळत होती. शांताबाई उडदाचे वडे तळायला आल्या होत्या. किरणने पाट मांडायला मला हातात घेतलं आणि थांबला. मालतीबाईंनी मला चिंचेने घासलं होतं, पण दोरी सोडायची राहून गेली होती.

"माय, हाई दोरी कसानी?"

शांताबाई झारा हातात धरून म्हणाल्या, "अवो, त्याच पाटावर चढून तर बसमधी बसतेत तुमच्या आई."

किरणचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "बाबाना पाटवर पाय? रस्तामा? आनि वरतीन टाच फाडी लिधी! हाऊ पाट बाबाना जेवाना शे, माय. मले एक धपाटा पडेल शे यानाकरता. आयुष्यभर याद शे मले."

"मले बी याद शे," मालतीबाई म्हणाल्या. "म्हनीसन तर चप्पल काढनू."

"अहो, हळू," सुवर्णा म्हणाली. "पित्तर दारात उभे आहेत."

भाईदास खरंच दारात उभा होता. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. त्याने सगळं ऐकलं होतं, पण तसं दाखवलं नाही. किरणने तोंडातला राग गिळला, त्याचे पाय धुतले, गंध लावलं आणि त्याला माझ्यावर बसवलं. सात वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर कोणीतरी इतकं पोटभर जेवलं. खीर, कढी, वडे, डांगराची भाजी. भाईदास मान खाली घालून जेवत होता. बॅग दाराशी तशीच होती.

शेवटी किरणने हात जोडले आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, "काही इच्छा ऱ्हायनी का?"

भाईदासने कढीची वाटी खाली ठेवली. "ऱ्हायनी."

सुवर्णाचा हात तिथेच थांबला. असं उत्तर कोणी देत नाही.

"मन्हा पाटवर हाई बाईनी चप्पल घालीसन चढानं," भाईदास म्हणाला. "उघडा पायनी चढस, चप्पल खाले ऱ्हाई जास, आनि बस निंघी जास. हाई बरं नही."

किरण त्याच्याकडे बघत राहिला. "भाईदासकाका, हाई तुम्ही बोली ऱ्हायनात का बाबा?"

"आते मी पाटवर बठेल शे ना? उठनू का मंग कंडक्टर." भाईदासने ताट पुढे सरकवलं. "आनि एक वडा वाढ."

शांताबाई आधी फुटल्या. मग सुवर्णा. मालतीबाई पदराने तोंड झाकून हसत होत्या, की रडत होत्या, ते मला खालून दिसलं नाही. किरण हसला नाही. त्याने वडा वाढला.

संध्याकाळी निघताना त्याने रिकामी बॅग मोटरसायकलला बांधली आणि रिकामीच परत नेली.

सोमवारी पाळी सुटल्यावर तो पुन्हा आला. कारखान्यात ज्या पट्ट्यावरून उसाचा चोथा वाहून नेतात, त्या झिजलेल्या रबरी पट्ट्याचा एक तुकडा त्याने मागून आणला होता. माझ्या मापाने कापलेला, खडबडीत, पाय न घसरणारा. मालतीबाईंनी मला हळदकुंकू लावलं. किरणने मला हात लावून तो हात कपाळाला लावला आणि पहिला खिळा ठोकला. बारा खिळे ठोकले. दुखलं नाही असं मी म्हणणार नाही. आता माझ्यावर बसून कोणी कधी जेवणार नव्हतं. अठ्ठेचाळीस वर्षं मी ज्यासाठी होतो ते काम त्या संध्याकाळी संपलं.

तिसऱ्या मंगळवारी मालतीबाई चप्पल घालून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. पाय उचलेना. गुडघ्यामुळे नाही. बसमधली माणसं खिडकीतून बघत होती. चालक लखन हॉर्न वाजवत होता.

"माय," भाईदास वरून म्हणाला, "पित्तरनं आयकानं ऱ्हास."

त्यांनी डोळे मिटले आणि पाय ठेवला. चपलेसकट. मग दुसरा. मग त्या वर गेल्या. भाईदासने दोरी ओढायच्या आत स्टॉपवरच्या आणखी एका आजोबांनी, त्यांचं नाव विठ्ठलराव, काठीने मला थोपवलं. "थांबा जरा. दोन महिने झाले, मी रिक्षेला पैसे घालतोय." तेही चढले.

त्या दिवसापासून मी सीटखालीच राहिलो. सुंभाच्या जागी भाईदासने सुताची दोरी बांधली. लखन कुरकुरायचा की फेरीला चार मिनिटं उशीर होतो. भाईदास म्हणायचा, "तुन्ही माय बी एक दिन याच स्टॉपवर उभी ऱ्हाई." एकदा तपासणीचे साहेब चढले. त्यांनी मला बाहेर काढून विचारलं, "ये क्या है?" भाईदास म्हणाला, "साहेब, पायरी." साहेबांनी मला उचलून वजन पाहिलं आणि परत सीटखाली सरकवलं.

चौथा मंगळवार दसऱ्याच्या आदल्या दिवशी आला. स्टॉपवर गर्दी होती. भाईदासने मला खाली सोडलं तेव्हा मला शालिग्रामच्या पंक्चरच्या दुकानात, टायरांच्या मागे, किरण दिसला. सुटी काढून बारडोलीहून आला होता. तो पुढे आला नाही. मालतीबाई चढल्या, खिडकीशी बसल्या, तिकीट घेतलं. बस वळेपर्यंत तो तिथेच उभा होता. नंतर कळलं, आईला न भेटताच तो परत गेला, आणि सुवर्णाला त्याने एवढंच सांगितलं, "माय कोसाडलेच ऱ्हाई."

मित्रांनो, पुढे काय झालं तेही सांगतो. विठ्ठलराव अजून त्याच स्टॉपवर चढतात. शांताबाई मागच्या पावसाळ्यात गेल्या, झोपेतच. मालतीबाईंना भाजी निवडायला आता सोबत नाही, म्हणून ओट्यावर दुसऱ्या दोघी-तिघींना त्या बोलावतात. सोनालीचं लग्न होऊन ती नवसारीला गेली. भाईदास निवृत्त होऊन गावी गेला. जाताना त्याने मला घरी न्यायचं म्हटलं होतं, पण लखननेच नको म्हटलं. ज्याला चार मिनिटं जड जात, तोच आता नव्या कंडक्टरला दोरी कशी ओढायची ते दाखवतो. किरण गाळप नसेल तेव्हा एखाद्या मंगळवारी येतो. मोटरसायकल शालिग्रामकडे लावतो आणि आईबरोबर बसनेच जातो. उभा राहून जातो, कारण जागा नसते.

माझं रबर एका कोपऱ्यात सुटलंय. आणखी दोन-तीन वर्षं मी टिकेन. सगळ्या बसमध्ये माझ्यासारखा पाट नसतो आणि तो असावा असंही मी म्हणत नाही. पण तुमच्या स्टॉपवर कोणी दांडा धरून उभं असेल आणि पाय उचलत नसेल, तर मागून घाई करू नका. पुढे व्हा आणि विचारा, हात देऊ का. काय अडतंय ते त्यांना माहीत असतं. विचारलं तर सांगतात.

मालतीबाई एकाहत्तर वर्षांच्या झाल्या. मंगळवारी सकाळी त्या आपल्या दाराला आपल्या हाताने कुलूप लावतात आणि दुपारी परत येऊन आपल्याच हाताने उघडतात.